चौथ्या प्रश्नापुढची खूण

प्रिय वहिनी,

पत्र बघून चक्रावली असशील. चार गल्ल्या पलीकडे राहणारी नणंद, दिवसातून दोनदा फोनवर तुझं डोकं खाणारी, आणि आज पाकीट चिकटवून पत्र पाठवते म्हणजे हिचं काहीतरी बिनसलंय, असं तुझ्या मनात आलंच असणार. बिनसलंय खरं. पण फोनवर मला हे बोलता आलं नसतं. मी अर्धं सांगितलं असतं, तू 'जाऊ दे गं' म्हणाली असतीस आणि मी पडत्या फळाची आज्ञा झेलून गप्प बसले असते. तुझं हे 'जाऊ दे गं' मला आजवर फार सोयीचं पडलंय. म्हणून कागद घेतला. तू एवढंच कर, शेवटपर्यंत वाच. मध्येच उठून गॅस बघायला जाऊ नकोस. हवं तर आधी बंद करून ये.

गेल्या महिन्यात तुझ्याकडे जेवायला आले होते, त्या दिवसापासून हे मला खातंय. तू ताट वाढलंस. पांढरा भात, उकडलेला बटाटा, मीठ नावाला. आपल्या चिमणीने तुझी पाठ वळल्यावर माझ्याकडे बघून डोळे फिरवले. मी सहज, बोलायच्या ओघात विचारलं, अगं, तुझा तिखटाचा डबा कुठे गेला? तुझा हात भाताच्या पातेल्यात तसाच थांबला. मग कळलं, डबा वरच्या फळीवर आहे, जुन्या सुटकेसच्या मागे, दादा गेला तेव्हापासून. चार वर्षं. आणि तू म्हणालीस, 'माझ्या तिखटाने एकाला नेलं, पोरीला तरी राहू दे.' हसत म्हणालीस. रडत म्हणाली असतीस तर मी काहीतरी बोलले तरी असते. मी पाणी प्यायले आणि तुझ्या कारखान्यातल्या पडद्यांच्या नव्या कापडाचा विषय काढला. वहिनी, तुझ्या तिखटाने दादाला नेलं नाही. हे मला त्या दिवशी माहीत होतं, त्याच्या आधीही माहीत होतं. साडेपाच वर्षं माहीत आहे.

तू आमच्या घरात आलीस तेव्हा मी तुला 'अहो वहिनी' म्हणायचे, आठवतं? आठव्या दिवशी तू मला मोरीपाशी गाठून म्हणालीस, आपण एका वयाच्या, हे अहो-जाहो बंद कर, मला म्हातारी झाल्यासारखं वाटतं. आणि बदल्यात तू मला मुद्दाम 'वन्सं' म्हणायला लागलीस, तेही नाक वर करून, जुन्या काळच्या सुनांसारखं. आईला ती थट्टा कळायची नाही, ती म्हणायची, बघा, किती मान देते! आमच्या घरात तोवर जेवण म्हणजे पोट भरायची गोष्ट होती. आईच्या हाताला मिठाचा हिशेब होता, चवीचा नव्हता. तू आलीस आणि पहिल्याच रविवारी लाल रस्सा केलास. दादाच्या कपाळावर घाम, नाक वाहतंय, डोळ्यांत पाणी, आणि हा वाटी पुढे करतोय. उंच इमारतींच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत बसून तो दुपारचा डबा खायचा. एकदा मला म्हणाला होता, खाली उतरताना लिफ्टमधली माणसं वास घेऊन विचारतात, काय होतं हो डब्यात? त्या प्रश्नाने त्याची मान ताठ व्हायची. एवढं सुख त्याला तू दिलंस, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तेच तुझ्या माथी मारलं.

माझं काम काय असतं हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही. 'रक्त-लघवी' एवढ्यावर तू समाधानी होतीस. माझ्या टेबलावर येतात ते जास्त करून जंतू, आणि त्यातला एक पोटातला, हेलिकोबॅक्टर नावाचा. बारीक, वाकडा, पिळाच्या स्क्रूसारखा. पोटातल्या अ‍ॅसिडमध्ये दुसरा कुणी फारसा तग धरत नाही. हा पठ्ठ्या आपल्याभोवती अमोनिया तयार करतो, त्याने अ‍ॅसिड बोथट करतो आणि आतल्या अस्तराला चिकटून राहतो. बहुतेकदा लहानपणी शिरतो, घरातल्याच कुणाकडून तरी, आणि मग हाकलल्याशिवाय जात नाही. पुष्कळांना तो काहीच करत नाही. काहींना जळजळ, काहींना अल्सर. आणि थोड्या माणसांच्या पोटात तो वीस-तीस वर्षं अस्तर सोलत राहतो. अस्तर भरून येतं, पुन्हा सोलतं, पुन्हा भरून येतं, आणि त्या भरून येण्यात कधीतरी पेशी बिघडतात. दादाला झाला तो कॅन्सर बऱ्याचदा असाच होतो. तिखटाने जळजळ वाढत असेल. पण घरात वर्षानुवर्षं राहून गुपचूप भिंत पोखरणारा तिखट नव्हता, हा होता. आणि वेळेवर सापडला तर तो साधारण दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी जातो. मी हे वाक्य रोज कुणाला ना कुणाला सांगते. तुला सांगायला मला इतकी वर्षं लागली.

आता दादाची तपासणी. नऊ वर्षं झाली त्याला. चिमणी अकरा वर्षांची होती, तिच्या शाळेच्या गणवेशाची बाही तू शिवत होतीस आणि दादा पोटावर हात दाबून पलंगावर आडवा होता, हे मला दिसतंय. घरात मी 'अर्धी डॉक्टरीण'. कुणाचं डोकं दुखलं की माझ्याकडे. दादाने जळजळ सांगितली आणि मी लॅबच्या खणातल्या अ‍ॅसिड कमी करणाऱ्या कॅप्सूल आणून दिल्या. औषधवाले नमुन्याला ठेवून जातात त्या. आयजीच्या जिवावर बायजी उदार! कुणाला विचारलं नाही, कुठे लिहिलं नाही. रोज सकाळी एक, असं दीड महिना. त्याला बरं वाटलं, पण पूर्ण गेलं नाही, तेव्हा मीच म्हटलं, आमच्याकडे दुर्बीण घालून बघू.

आमच्याकडे तेव्हा दुर्बिणीतून अस्तराचा कणीएवढा तुकडा काढून पिवळ्या जेलमध्ये ठेवायचे. जंतू असेल तर जेल गुलाबी होतं, नसेल तर पिवळं राहतं. शाळेतलं पोरही वाचेल असा निकाल. फक्त एक मेख आहे. माणूस त्या अ‍ॅसिडच्या गोळ्या घेत असेल तर जंतू दबून बसतात, आणि असूनही जेल पिवळंच राहू शकतं. म्हणून गोळ्या दोन आठवडे आधी थांबवायच्या असतात. आमच्या फॉर्मवरचा चौथा प्रश्न तोच आहे: गेल्या दोन आठवड्यांत अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या घेतल्या का? हो, नाही, दोन चौकोन. हा प्रश्न मी इतक्या वेळा विचारलाय की झोपेतही विचारेन. कुणी 'हो' म्हटलं की मी त्याला परत पाठवते, मग तो कितीही लांबून आलेला असो, कितीही चिडो. माझी त्याबद्दल ख्याती आहे. नर्सेस मला 'चौथा प्रश्न' म्हणतात, माझ्या पाठीमागे.

दादा लिफ्टच्या वार्षिक तपासण्यांच्या धामधुमीत कशीबशी एक दिवसाची रजा काढून आला होता. आमचे मोठे डॉक्टर दुसऱ्या दिवसापासून महिनाभर सुट्टीवर. त्याला परत पाठवलं असतं तर तो पुन्हा आलाच नसता, हे मी स्वतःला सांगितलं. हे खरंही होतं, पण सगळं खरं नव्हतं. 'हो' लिहिलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, कुणी दिल्या? आणि त्याचं उत्तर टेबलापलीकडे एप्रन घालून उभं होतं. मी त्याच्या हातातून फॉर्म घेतला आणि 'नाही'च्या चौकोनात खूण केली. दादाने ते बघितलं. 'अगं, पण मी घेतो ना?' म्हणाला. मी म्हटलं, 'तू गप्प बस, मला कळतं.' तो दुर्बिणीच्या खोलीत गेला. धाकट्या बहिणीच्या शिक्षणाचा त्याला केवढा अभिमान होता, तुला माहीत आहे.

जेल पिवळं राहिलं. मी दुसऱ्या दिवशी सकाळीही बघितलं, पिवळंच. मनाशी ठरवलं होतं की त्याच्या गोळ्या थांबवायच्या आणि मोठे डॉक्टर परत आले की पुन्हा तपासायचं. पण रिपोर्टवर 'जंतू आढळला नाही' असं आलं, खाली माझी सही, दादाला गोळ्यांनी बरं वाटत होतं, आणि माणूस काय, मांजर डोळे मिटून दूध पितं तसं. पुढच्या महिन्यात करू, पावसाळा संपला की करू, चिमणीची परीक्षा झाली की करू. मग मी 'करू' म्हणायचंही सोडलं. आणि डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुला पाठ आहे. जंतू नाही, तेव्हा खाण्यापिण्याकडे बघा, तिखट कमी करा. आई दारातच उभी होती. 'मी पहिल्या दिवसापासून सांगतेय,' ती म्हणाली. वहिनी, तुझ्यावरचा तो आरोप माझ्या त्या खुणेतून जन्माला आला. मी खरी खूण केली असती तर सगळ्या घराने जंतूला शिव्या दिल्या असत्या. जंतू सापडला नाही, म्हणून तू सापडलीस.

त्यानंतर साडेतीन वर्षांनी ऑपरेशन. त्या बाकाची आठवण तुला असेलच. दवाखान्याचा लांब व्हरांडा, तुझ्या मांडीवर दादाच्या चपलांची पिशवी, शेजारी आई, समोर मी, हातात काढलेल्या पोटाचा रिपोर्ट. डॉक्टरी भाषा घरात मलाच यायची, म्हणून मी एकेक ओळ वाचून तुम्हाला सोपं करून सांगत होते. गाठ केवढी, किती खोल, आजूबाजूच्या रसग्रंथींत किती पसरलेली. शेवटच्या ओळीपाशी आले आणि मी कागद दुमडला. तू विचारलंस, 'एवढंच?' मी म्हटलं, 'एवढंच.' त्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की गाठीशेजारच्या अस्तरात ते वाकडे जंतू भरपूर आढळले. म्हणजे माझं पिवळं जेल खोटं होतं. आई तिथेच बाकावर पुटपुटली की घरात साधं जेवण असतं तर ही वेळ आली नसती. तू मान खाली घालून चपलांच्या पिशवीची गाठ घट्ट करत राहिलीस. उत्तर माझ्या हातात होतं, चार घड्या घातलेलं. मी ते पर्समध्ये ठेवलं.

आणखी एक सांगायचंय, ते मला जास्त जड जातंय. सर्जननी मला घरची आणि दवाखान्यातली म्हणून बाजूला घेऊन सांगितलं होतं, घरातल्या सगळ्यांची या जंतूसाठी तपासणी करून घ्या. मी दुसऱ्याच आठवड्यात स्वतःची केली. निघाला. चौदा दिवस गोळ्या घेतल्या, तोंडाला धातूची चव यायची, तू विचारलंस की वन्सं, जेवत का नाहीस, मी म्हटलं, पित्त झालंय. माझा जंतू गेला. तुला आणि चिमणीला मात्र मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, मग त्यांना का नाही सापडला? त्या एका प्रश्नाला भिऊन मी तुम्हा दोघींना तसंच राहू दिलं. करून सवरून नामानिराळी म्हणतात, ती मी.

तो आमच्याकडे आला कुठून, याचा विचार करत बसले की मला नेहमी एकच भांडण आठवतं. चिमणी सात-आठ महिन्यांची, आई तिला मांडीवर घेऊन बसलेली, भाताचा घास आधी स्वतः चावायची आणि मग बोटाने तिच्या तोंडात. तू एकदा बघितलंस, दोनदा बघितलंस, तिसऱ्यांदा पोरीला उचलून आत नेलंस. आई दोन दिवस जेवली नाही. मी तुझ्या खोलीत येऊन मोठ्या तोंडाने तुला सुनावलं, 'आम्ही याच घासांवर वाढलो. काय झालं आम्हाला?' माझ्या अंगावर तेव्हा कॉलेजची झूल होती, जंतुशास्त्र शिकून बाहेर पडले होते. तू शाळा अर्धवट सोडलेली, पण तुला जे दिसत होतं ते मला दिसत नव्हतं. आई जन्मभर जेवल्यावर सोड्याची चिमूट तोंडात टाकायची, पोटात आग पडते म्हणायची, हे तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं. घासातूनच आला असं मी ठामपणे म्हणू शकत नाही, तसं सिद्ध करणं शक्य नाही. पण एवढं नक्की की तो लहानपणीचा, तू उंबरा ओलांडायच्या आधीचा असणार. आईलाही दोष नको. तिने माया केली, तिला काय ठाऊक. पण ती दोन वर्षांपूर्वी गेली ती सुनेच्या तिखटाने माझा लेक गेला, असं मनाशी धरून गेली. दादा गेल्यावरही तिला सांगायला माझ्याकडे दोन वर्षं होती. राहून गेलं. तुझी तिने माफी मागावी अशी वेळ मी येऊ दिली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

हे सगळं आताच का वर आलं, त्याला आमच्याकडचे घड्याळकाकाही थोडे कारण आहेत. बाजारातल्या कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करायचे तेच, तुझं लग्नातलं घड्याळ त्यांनी दोनदा जिवंत केलं होतं. त्यांना मूत्राशयाचा कॅन्सर झाला. गाठ खरवडून काढली, आणि आता दर आठवड्याला नळीने आत काय सोडतात माहीत आहे? जंतू. जिवंत. क्षयाच्या जातीचा, पण दुबळा केलेला. त्याला बघून शरीरातली फौज जागी होते आणि त्याच्याबरोबर उरल्यासुरल्या वाईट पेशींनाही झोडपते. औषध आत गेलं की दोन तास लघवी धरायची आणि पंधरा-पंधरा मिनिटांनी कूस बदलायची, डावी, उजवी, पालथं, उताणं. काका म्हणाले, जन्मभर लोकांच्या घड्याळांना किल्ली दिली, आता नर्स मला देते. जंतूने कॅन्सर होतो, जंतूने बराही होतो, हे त्यांना मी समजावलं तेव्हा पोट धरून हसले. मग म्हणाले की लघवीतून रक्त जात होतं ते मी बायकोपासून आठ महिने लपवलं; ती घाबरेल म्हणून लपवतोय असं वाटायचं, पण घाबरलो होतो मी. त्यांनी सहज सांगितलं आणि चष्मा पुसत निघून गेले. मी सँपलच्या बाटलीवर त्यांचं नाव लिहायचं विसरले, असं माझ्याकडून वीस वर्षांत झालं नव्हतं.

पॅथॉलॉजीच्या मॅडमना मी मागच्या सोमवारी सगळं सांगितलं, आणि लेखीही दिलं. जुना फॉर्म त्यांनी काढून बघितला. माझ्या सहीचं पुढे काय करायचं ते दवाखाना ठरवेल. सध्या मी रिपोर्टवर सही करत नाही, फक्त सँपल लावते. मॅडम भल्या आहेत. म्हणाल्या, तेव्हा जंतू सापडून गोळ्या दिल्या असत्या तरी कॅन्सर झालाच नसता असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आत काय सुरू झालं होतं कुणास ठाऊक. फक्त शक्यता बरीच कमी झाली असती. मी घरी येऊन त्या 'फक्त'ला धरून बसण्याचा प्रयत्न केला. जमलं नाही. ती शक्यता दादाची होती, ती मी त्याच्या हातातून फॉर्मसकट काढून घेतली. मला माफ कर असं लिहायला बसले होते, आता ते लिहिण्याची हिंमत होत नाही. तू रागाव. दार लावून घे. पण स्वतःला दोष देणं आजपासून बंद कर, हे मी तुला नणंद म्हणून नाही, लॅबवाली म्हणून सांगते.

आता जे मी पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं ते. घाबरू नकोस, जिवावरचं काही नाही. चिमणी तीन आठवड्यांपूर्वी लॅबमध्ये आली, पोटात जळतं म्हणून. तुला सांगितलं नाही, कारण आई पुन्हा स्वतःलाच बोल लावेल आणि मग मीठही बंद करेल, म्हणाली. वडिलांच्या आजाराचं ऐकून डॉक्टरांनी दुर्बीण घालायची ठरवली. मी तिला चौथा प्रश्न विचारला. ती म्हणाली, हो, घेते, आईच्या गोळ्यांच्या पट्टीतल्या, मिठाच्या बरणीमागे असते ती. मी तिला परत पाठवलं. दोन आठवडे ती माझ्यावर फुगून होती. मंगळवारी पुन्हा आली, आणि तिच्या तुकड्याचं जेल ती चपला घालेपर्यंत गुलाबी झालं. बाकी अस्तर चांगलं आहे, मॅडमनी स्वतः बघितलं. तिच्या गोळ्या सुरू झाल्या, आज तिसरा दिवस. संपल्या की महिन्याभराने पुन्हा तपासू. त्याच दिवशी हात धुवायच्या बेसिनपाशी मी तिला हे सगळं सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. हातावरचा कापसाचा बोळा काढून डब्यात टाकला आणि म्हणाली, 'आधी आईला सांग. रविवारपर्यंत तू नाही सांगितलंस तर मी सांगेन.' आज शुक्रवार आहे. सोबत दोन कागद आहेत. एक दादाच्या रिपोर्टची प्रत. शेवटची ओळ कुणाकडूनही वाचून घे, माझ्याकडून नको. दुसरा कोरा फॉर्म, तुझा. तुला दुर्बीण लागेलच असं नाही, पिशवीत फुंकर मारायची साधी तपासणी असते. पण तू घेतेस त्या बरणीमागच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून दोन आठवडे बंद ठेवाव्या लागतील. आमच्याकडे यावंसं वाटलं नाही तर दुसरीकडे जा, पण जा. नाव, वय, पत्ता मी भरून दिलाय. लिहिता लिहिता हात सवयीने चौथ्या प्रश्नापर्यंत गेला होता, तिथे पेन उचललं. ती खूण तू स्वतः कर.

म्हणू देशील तर अजून तुझीच,
वन्सं